निगेटिव्ह नसलेला फोटो

शाळेत ‘स्लाइड’ म्हटलं की आपल्याला जीवशास्त्राच्या तासाची, कांद्याच्या सालीची आठवते. थिएटरात मध्यंतराला पडद्यावर येणारी साड्यांच्या दुकानाची जाहिरात, ती दुसरी. तिसरी मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच हातात घेतली असेल: पुठ्ठ्याच्या दोन इंची चौकटीत बसवलेला कृष्णधवल फिल्मचा तुकडा. उजेडाकडे धरला की त्यात उलटं निगेटिव्ह दिसत नाही, खरं चित्र दिसतं.

अशी चित्रं पडद्यावर मोठी करून पाहण्याची आवड महाराष्ट्राला सिनेमाच्या आधीपासूनची. लुमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी दाखवली गेली. त्याआधीच, १८९२ च्या सुमारास, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले होते. हे नाव मायावी शंबरासुरावरून घेतलेलं. काचेवर हातानं रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं दिव्याच्या झोतात पडद्यावर यायची, काचा भराभर बदलल्या की ती हलल्यासारखी वाटायची. विनायक आणि रामचंद्र हे पटवर्धनांचे मुलगेही या कामात होते.

पुढे रंगवलेल्या चित्राच्या जागी फोटो आला. पण त्यासाठी आधी निगेटिव्ह करायचं आणि मग त्यावरून दुसऱ्या काचेवर किंवा फिल्मवर पॉझिटिव्ह छापायचं, म्हणजे दुप्पट माल. हा खर्च वाचवणारी युक्ती म्हणजे ‘रिव्हर्सल’. यात कॅमेऱ्यातल्याच फिल्मचं पॉझिटिव्ह होतं. कोडॅकनं १९२३ मध्ये हौशी लोकांसाठी आणलेली १६ मिलिमीटरची फिल्म याच रीतीनं धुतली जायची.

आपल्या रसायनशास्त्राच्या सरांना आवडेल असा हा प्रयोग आहे. पहिल्या डेव्हलपरमध्ये नेहमीसारखं काळ्या चांदीचं निगेटिव्ह उमटतं. मग पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाच्या नारिंगी द्रावणात ती चांदीच विरघळवून टाकायची. मागे राहतात ते प्रकाश न लागलेले चांदीचे क्षार. सोडियम सल्फाइटनं पिवळा डाग काढायचा, फिल्म दिव्याखाली धरायची, दुसऱ्यांदा डेव्हलप करायची आणि शेवटी हायपो. जिथं ऊन होतं तिथली चांदी निघून गेल्यामुळे फिल्म पारदर्शक होते; जिथं सावली होती तिथं काळी चांदी राहते. यात एक गंमत आहे. मोठे, चपळ दाणे पहिल्या फेरीतच उमटतात आणि विरघळून जातात. चित्र तयार होतं ते मागे राहिलेल्या बारीक दाण्यांचं. मागच्या बाकावरच्यांनी याची नोंद घ्यावी!

यासाठी मुद्दाम स्लो फिल्म वापरत. आग्फाची ‘डिया-डायरेक्ट’ ३२ एएसएची होती, म्हणजे १०० च्या रोलपेक्षा तिला तिप्पट प्रकाश लागायचा. प्रकाशाची सोलापुरात कमी नाही, अडचण पाण्याची. डेव्हलपर साधारण २० अंशांवर ठेवावा लागतो आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. टाकीतल्या गरम पाण्यानं फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडून निघू लागतो, म्हणून बर्फ आणायचा. शिवाय प्रत्येक पायरीनंतर भरपूर धुणं, तेही नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात.

हा सगळा खटाटोप करून हाती येते ती एकच प्रत. निगेटिव्ह मागे राहतच नाही. त्या दिवशी कॅमेऱ्यात होती तीच ही फिल्म. ती हरवली की पुन्हा छापायला काही उरत नाही.

म्हणून हे आपल्या स्मरणिकेत लिहिते आहे. १८७४ साली स्थापन झालेली जुनी मिल, भोंग्यावर घड्याळ लावणारी गिरणगावची वस्ती, गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज, भुईकोट किल्ला, शाळेचं स्नेहसंमेलन... यांतलं काही एखाद्या वडिलांच्या, काकांच्या कपाटात अशा चौकटींमध्ये पडून असू शकतं. प्रोजेक्टर नाही म्हणून ते डबे रद्दीत जातात.

तसं होऊ देऊ नका. नीट धुतलेली चांदीची स्लाइड रंगीत स्लाइडइतकी लवकर विटत नाही. आपली कोरडी हवाही तिला मानवते. ओल आणि बुरशी मात्र सोसत नाही. ओल्या फडक्यानं पुसू नका, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. स्कॅन जरूर करा, पण मूळ स्लाइड जपा. स्कॅनिंग मी करून देईन. संगणक चेहरा मोठा करून दाखवेल, पण तो कुणाचा हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ती नावं ठाऊक असलेले आपले सर आणि बाई मेळाव्याला येत आहेत. स्लाइड सोबत आणा, त्यांना दाखवा आणि ते सांगतील ते ठिकाण, वर्ष, नावं चौकटीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं तिथंच लिहून घ्या.