डोंगरावरील प्रवचन आणि रोजचे आचरण

डोंगरावरील प्रवचन : बायबलच्या नव्या करारातील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ५ ते ७ या अध्यायांत आलेला येशू ख्रिस्ताचा उपदेश. १११ वचनांचा हा भाग ‘गिरिप्रवचन’ या नावानेही ओळखला जातो. लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात त्याचे आटोपशीर रूप आढळते. तेथे मात्र येशू सपाट जागी उभा राहून बोलतो. हा सारा उपदेश एकाच बैठकीत झालेला नसून मत्तयाने तो विषयवार गुंफला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भांडण, शब्द पाळणे, पैसा, काळजी, दुसऱ्याला दोष देणे अशा अगदी घरगुती गोष्टींविषयी नव्या करारात इतके एकवटलेले मार्गदर्शन अन्यत्र नाही.

आरंभीच्या धन्यवचनांत दीन, शोक करणारे, सौम्य, दयाळू आणि शांती करणारे यांना धन्य म्हटले आहे. त्यानंतर मोशेच्या नियमशास्त्रातील खून, व्यभिचार, सूटपत्र (घटस्फोट), शपथ, सूड आणि शेजारप्रेम हे सहा विषय येतात. येशू नियमशास्त्र मोडीत काढत नाही. तो कृतीमागच्या हेतूपर्यंत जातो. खून न करणे पुरेसे नाही, मनात धरलेला रागही आवरला पाहिजे. दान, प्रार्थना व उपवास लोकांनी पाहावे म्हणून करू नयेत, देव आणि धन अशा दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, उद्याच्या चिंतेने आजचा दिवस नासवू नये, असे पुढे सांगितले आहे. इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हा ‘सुवर्ण नियम’ सातव्या अध्यायात आहे. येशूच्या आधीच्या पिढीतील यहुदी गुरू हिल्लेल यांच्या नावे तो निषेधरूपात सांगितला जातो. महाभारतातही त्याच आशयाचे वचन आहे.

यातील दाखले त्या काळच्या जीवनातून घेतलेले आहेत आणि तो संदर्भ सुटला की त्यांची धार जाते. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाशी असलेले वितुष्ट आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे येशू सांगतो. ऐकणारे गालीलचे होते आणि मंदिर यरुशलेमात, काही दिवसांच्या पायी प्रवासाच्या अंतरावर. म्हणजे पूजा अर्धवट टाकून गावी परतायचे आणि पुन्हा यायचे. समेटाला दिलेले हे मोल फार मोठे आहे. अंगरख्यासाठी फिर्याद करणाऱ्याला वरचे वस्त्रही देण्याची गोष्ट गहाणाच्या व्यवहारातली आहे. गरिबाचे गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, असा नियमशास्त्राचा दंडक होता. एक कोस वेठीला धरणाऱ्याबरोबर दोन कोस जाणे यामागे रोमी सैनिकांची ओझी वाहण्याची सक्ती आहे. उजव्या गालावर चपराक बसली तर दुसरा गाल पुढे करावा, या वचनातील चपराक म्हणजे उलट्या हाताने केलेला अपमान, असे अनेक भाष्यकार सांगतात.

हा उपदेश शब्दशः पाळायचा की नाही, यावर ख्रिस्ती परंपरेत मोठी मतभिन्नता आहे. मध्ययुगीन चर्चने सर्वांना बंधनकारक आज्ञा आणि परिपूर्णतेची आस धरणाऱ्यांसाठी, मुख्यतः मठवासीयांसाठी, असलेले उपदेश असा भेद केला. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने भेद माणसांत न करता भूमिकांत केला : स्वतःवरचा अन्याय ख्रिस्ती माणसाने सोसावा, पण न्यायाधीश म्हणून दुसऱ्यावरचा अन्याय त्याने रोखलाच पाहिजे. अनाबॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना ही तडजोड मान्य नव्हती. १५२७ च्या श्लाइटहाइम कबुलीजबाबात त्यांनी तलवार आणि शपथ दोन्ही नाकारली. त्याचा कर्ता मानला जाणारा मिखाएल झाटलर याला त्याच वर्षी देहदंड झाला.

इंग्लंडमधील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी शपथेविषयीचे वचन कचेरीत आणि दुकानातही पाळले. माणूस एरवी खरे बोलत असेल तर शपथेची गरजच काय, या विचाराने त्यांनी न्यायालयात शपथ नाकारली आणि त्यासाठी तुरुंगवास भोगला. अखेर १६९६ मध्ये संसदेने त्यांना शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक कथन करण्याची मुभा दिली. भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतही ईश्वराच्या नावे शपथ किंवा गांभीर्यपूर्वक कथन असे दोन पर्याय आहेत. याच सचोटीने क्वेकर दुकानदार घासाघीस न करता एकच भाव सांगत. प्रवचनाचे इतके साधे आणि पक्के उपयोजन क्वचितच झाले असेल.

एकोणिसाव्या शतकात लिओ टॉलस्टॉय यांनी वाईटाचा प्रतिकार बळाने न करणे हेच प्रवचनाचे मर्म मानले. गांधीजींनी लंडनमध्ये विद्यार्थी असताना हे अध्याय वाचले आणि ते थेट हृदयाला भिडल्याचे आत्मकथेत नोंदवले. १९३७ मध्ये जर्मन धर्मवेत्ते डीट्रिख बॉनहॉफर यांनी आपल्या ग्रंथात किंमत न मोजता मिळणाऱ्या कृपेवर टीका करून प्रवचन प्रत्यक्ष आचरण्यासाठीच आहे, असे आग्रहाने मांडले. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी प्रवचनातील शत्रुप्रेमाच्या शिकवणीला सामूहिक अहिंसक लढ्याचे रूप दिले.

दुसरा गाल पुढे करण्याच्या वचनाचा दुरुपयोगही झाला आहे. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला निमूट सोसण्याचा उपदेश या वचनाच्या आधाराने केला गेला. तो चूक आहे. महायाजकाच्या चौकशीत थप्पड बसली तेव्हा येशूने स्वतः मारणाऱ्याला जाब विचारला, असे योहानकृत शुभवर्तमानात आहे. अपराध करणाऱ्याला आधी एकांतात, मग साक्षीदारांसमोर आणि शेवटी मंडळीसमोर जाब द्यायला लावावा, असेही मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात सांगितले आहे. सुटे वचन उचलून दुबळ्यावर लादणे या उपदेशाच्या विरुद्ध जाते.

हा उपदेश सोप्या मराठीत पोचवण्यात पंडिता रमाबाईंचे कार्य महत्त्वाचे आहे. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदनात विधवा, परित्यक्ता व दुष्काळपीडित स्त्रियांना आसरा देणाऱ्या रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. मुक्तिसदनातील स्त्रियांनी छपाईचे काम केलेले हे बायबल रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले.