तापीकाठी परमुलुखाचे काम

सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारा मोगलाईतील राजरस्ता तापीच्या उत्तर काठाने थाळनेर मागे टाकून चोपड्यावरून जात असे, आणि १६१० साली या वाटेने गेलेला विल्यम फिंच, १६१५ साली गेलेला इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो व पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये या तिघांच्याही टिपणांत चोपडा हे वाटेवरचे ठिकाण म्हणून नमूद आहे. त्याच्याही आधी अबुल फजलाने ऐन-ई-अकबरीत चोपड्याचा व तापी-गिरणेच्या संगमावरील रामेश्वराचा उल्लेख केला असून नदीपलीकडील धरणगावास सिरीसाफ व भिरौन ही तलम वस्त्रे विणली जातात, असेही लिहून ठेविले आहे. आज चोपडा तालुक्यातील एखादा तरुण घराच्या माडीवर बसून अमेरिकेतील अनोळखी गिऱ्हाइकासाठी संगणकाच्या आज्ञावली लिहितो, तेव्हा लोक त्यास अपूर्व म्हणतात; परंतु न पाहिलेल्या गिऱ्हाइकाचे काम घरी बसून करण्याचा परिपाठ या मुलुखास चार शतकांचा आहे, आणि त्या परिपाठात जो प्रश्न पहिल्यापासून कठीण होता तोच आजही कठीण आहे.

त्या जुन्या व्यवहाराची घडण समजून घेणे अगत्याचे आहे. वखारीतील इंग्रज किंवा वलंदेज व्यापारी विणकराच्या दारी सहसा जात नसे. तो दलालास रक्कम देई, दलाल ती दादनी म्हणून गावोगावच्या विणकरांत वाटी, ठाणाची लांबी-रुंदी, सुताचा कस व मुदत ठरवून घेई, आणि विणकर आपल्याच घरातील मागावर, घरच्या बायकामुलांनी भरून दिलेल्या कांड्यांवर, ते काम पुरे करी. ठाण वखारीत पोहोचले की नमुन्याशी त्याची रुजुवात होई. उणे ठरलेल्या ठाणाची किंमत कापली जाई किंवा ते परत येई. १६७४ साली इंग्रजांनी खुद्द धरणगावी वखार घातली, तरी या रीतीत पालट झाला नाही. माझ्या मते यातील मर्म असे की, विणकराचे कसब त्याच्या हाती असले तरी त्याची पत दलालाच्या वहीत होती. सुरतेचा साहेब दलालास ओळखी, विणकरास ओळखीत नसे. म्हणून दलाल बदलला की पिढीजात कारागिरासही नव्याने उमेदवारी करावी लागे, आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत दुसऱ्याचे काम धरण्याची त्यास मुभा नसे.

पुढे माग ओसरले आणि कापूस हाच माल झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा पुरवठा तुटला, खानदेशच्या कापसास अपूर्व भाव आला, आणि त्याबरोबर भेसळही इतकी माजली की मुंबई सरकारास १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध कायदाच करावा लागला. दूरच्या गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला म्हणजे प्रामाणिक शेतकऱ्याचा मालही संशयास पात्र होतो, हे तेव्हा दिसून आले. १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे झाली, पण ती नदीच्या दक्षिणेने अमळनेर-धरणगावावरून गेली. चोपड्यास रेल्वे आजतागायत नाही.

त्याच अमळनेरास २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली, आणि तिच्यातूनच पुढे अझीम प्रेमजींच्या हाताखाली विप्रो ही जगद्विख्यात संगणक-संस्था उदयास आली. चोपड्याहून नदी ओलांडली की येणाऱ्या या गावाचे नाव त्या उद्योगाच्या जन्मपत्रिकेत आहे, तरी संगणकाचे काम वाढले ते बंगळुरास, आणि खानदेशातील शिकल्यासवरल्या मुलांस पुण्या-मुंबईची वा बंगळूरची वाट धरणे भाग पडले. याची मला खंत वाटते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट खुले केले तेही प्रथम महानगरांत. तालुक्याच्या गावी संगणक पोहोचला तो २००१ नंतर, एमएस-सीआयटीच्या वर्गांतून. आणि विजेचे भारनियमन असे की लिहिता लिहिता पडदा काळा व्हावा.

परमुलुखाचे काम थेट घरी आणणाऱ्या नव्या पेढ्या मात्र याच सुमारास निघाल्या होत्या. इलान्स आधीची, ओडेस्क २००३ ची, दोन ग्रीक मित्रांनी काढलेली, दोन्ही एकत्र होऊन २०१५ साली अपवर्क हे नाव आले. ओडेस्कची रीत पाहिली की मला धरणगावची वखार आठवते: तासावारी काम करणाऱ्याच्या पडद्याचे चित्र दर दहा मिनिटांच्या अवधीत एकदा आपोआप टिपले जाई आणि गिऱ्हाइकापुढे ठेविले जाई. ठराविक मोबदल्याच्या कामात रक्कम आधी पेढीकडे अनामत राहते, काम पसंत पडले की मोकळी होते. २०१६ पासून अपवर्क प्रत्येक गिऱ्हाइकाकडील पहिल्या पाचशे डॉलरांवर शेकडा वीस दलाली घेई, २०२३ मध्ये ती सरसकट दहा झाली.

यात खरी कसोटी पहिल्या कामाची. पूर्वीच्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय असल्याखेरीज नवे गिऱ्हाईक येत नाही, आणि गिऱ्हाईक आल्याखेरीज अभिप्राय मिळत नाही. न्यूयॉर्कास उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा चोपड्यास सायंकाळचे साडेसहा झालेले असतात; म्हणून जेवणे आटोपल्यावर मुलगा दार लोटून बसतो, जाहिरातीतील मजकूर दोनदा वाचतो, गिऱ्हाइकाच्या संकेतस्थळावरील एखादा दोष स्वतः शोधून तो कसा दुरुस्त होईल ते चार ओळींत लिहितो. सर्वांस एकच साचेबंद अर्ज धाडणाऱ्यापेक्षा हा मार्ग संथ असला तरी खात्रीचा आहे. गिटहब या संकेतस्थळावर उघड्यावर मांडलेले काम हीदेखील आता पत आहे, आणि ती कोणाच्या वहीत अडकलेली नाही, हा मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत मोठा पालट वाटतो.

पैसा घरी येण्याची वाटही सरळ नव्हती. फेब्रुवारी २०१० मध्ये पेपॅलने भारतातील बँकांत रक्कम वळती करणे काही काळ थांबविले. पुढे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी एका व्यवहारास प्रथम पाचशे, मग ऑक्टोबर २०११ मध्ये तीन हजार डॉलरांची मर्यादा घातली. जुन्या सराफाच्या हुंडणावळीची जागा आता चलनाच्या दरातील तफावतीने घेतली आहे; आणि जो तरुण काही वर्षांत पेढीबाहेर थेट बँकेत रक्कम मागवू लागतो, त्याने प्रत्येक रकमेबरोबर परकीय चलन आल्याचा बँकेचा दाखला मागून घ्यावा, कारण निर्यात केलेल्या सेवेवर वस्तू व सेवा कर शून्य दराने लागतो आणि तो हक्क या कागदाच्या आधारे शाबीत होतो.