जुळणाऱ्या हिशेबाची शंका

मुंबईच्या कापसाच्या व्यापारांत लबाडी इतकी बोकाळली होती कीं, १८२९ सालीं सरकारास तिच्याविरुद्ध नियम करावा लागला. आणि अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें भाव चढल्यावर १८६३ सालीं पुन्हां स्वतंत्र कायदा करावा लागला. सरकी, माती, पाणी, वजन वाढविणारी कोणतीही वस्तु गासडींत शिरे. त्यांत पाणी सर्वांत धूर्त. कारण निर्मळ कापसांतही तें असतेंच. १०० भाग कोरड्या कापसामागें ८.५ भाग पाणी रास्त धरतात. म्हणजे ३९२ रतलांच्या गासडींत सुमारें ३१ रतल पाणीच!

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं ताडदेवची गिरणी काढली. पुढें परळ-लालबागेंत गिरण्या वाढल्या, आणि काट्याचा हा पेंच त्यांच्या वह्यांत शिरला. पिंजणींत कचरा झडून माल घटतो, दमट हवेंत सूत जड होतें, खळ दिली कीं कापड सुताहून भारी भरतें. मग देणाऱ्या आणि घेणाऱ्या खात्यांचीं वजनें महिनोन्‌महिने रतलारतलानें जुळलीं, तर दुसऱ्यानें माल तोललाच नाहीं, पहिल्याचा आकडा उतरून घेतला, अशी शंका घ्यावी. मे आणि जुलै दोहोंत घट तंतोतंत एकच असेल, तर तीही बहुधा आदल्या पानावरचीच. फरक दाखविणारी वही मला अधिक विश्वासार्ह वाटते.

मुंबईच्या साचेवाल्यांस मजुरी बहुधा कापडाच्या वजनावर मिळे. तेथें काटा खरा कीं खोटा, हा प्रश्न केवळ हिशेबनिसाचा राहत नसे.