अक्रोडाचे लाकूड

अक्रोड (जुग्लान्स रेजिया, कुल जुग्लँडेसी) या पानझडी वृक्षाचे तपकिरी, बळकट लाकूड [→ अक्रोड]. हा वृक्ष आग्नेय यूरोप ते मध्य आशिया व हिमालय या पट्ट्यात आढळतो. भारतात काश्मीर हे मुख्य क्षेत्र. रसकाष्ठ फिकट, तर मध्यकाष्ठ करडे-तपकिरी व गडद रेषांचे असते. बुंध्यापेक्षा मुळाचे लाकूड गडद, फांद्यांचे फिकट असते. वाळलेल्या लाकडाची घनता दर घनमीटरला सु. 640 किग्रॅ. ते सावकाश सुकते. नीट सुकविल्यावर फारसे वाकत नाही. त्यावर रंधा व पटाशी चांगली चालते आणि पॉलिश उत्तम बसते. फर्निचर, व्हिनियर व बंदुकीचे दस्ते यांसाठी ते वापरतात. काश्मीरमध्ये त्यावर चिनारपानांचे उठावदार व जाळीचे कोरीवकाम करतात [→ काष्ठशिल्प]. या कोरीवकामास भौगोलिक मानांकन मिळाले आहे.