चाळीस आऱ्यांचं चाक

पावसाळा संपल्यावर आजोबांची रॅले सायकल माळ्यावरून उतरवली, तेव्हा घरात सगळ्यांना भंगारवालाच आठवला. मी ती ढकलत वसईतल्या आमच्या नाक्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानवाल्या काकांनी आधी घंटी वाजवून पाहिली. मग रॉकेलच्या चिंधीनं मागच्या चाकाचा हब घासला, तसे गंजाखालून आकडे वर आले: 52. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर तो बनल्याचं साल कारखान्यातच ठोकलेलं असे. "तुझ्या बाबांच्या आधीची आहे रे ही," काका म्हणाले.

हे दुकान त्यांच्या वडिलांनी थाटलं ते दूधवाले आणि वाडीवाल्यांच्या भरवशावर. 1936 साली विजेची लोकल विरारपर्यंत आली. वसईचं दूध, भाजी, फुलं पहाटेच्या गाडीनं मुंबईला जायची. वाडीतून स्टेशनापर्यंत मात्र सायकलच. दोन्ही बाजूंना किटल्या, मागे हारा. एवढ्या वजनानं आरे तुटत, एक्सल वाकत, आणि गाडी चुकली तर दूध फुकट. म्हणून दुकान अंधारातच कंदिलावर उघडायचं. पुढे तासावर भाड्याच्या सायकली आल्या. आम्ही सगळी पोरं त्यांच्यावरच दांडीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलो. वाड्यांच्या जागी इमारती उठल्या, 2009 साली महानगरपालिका झाली, भाड्याच्या सायकली गेल्या, दुकानात कॉम्प्रेसर बसला.

काकांचा हात मात्र तोच. ओव्हरऑइलिंगला आठ दिवस लागले. इथल्या खाऱ्या वाऱ्यानं कोटर पिन अशी धरली होती की रात्रभर तेलात ठेवून, खाली लाकडी ठोकळा देऊन ती काढावी लागली. छर्रे नवे घातले. टायरची मला धास्ती होती, पण आपल्या काळ्या देशी सायकली याच विलायती घाटावर बेतलेल्या. 28 इंची दीड टायर दुकानात टांगलेलाच होता. पुढे 32 आरे, मागे 40, हा हिशोबही तोच. एकेक आरा बोटानं छेडत, आवाज ऐकत त्यांनी चाकाचा आउट काढला. ते पाहताना मी तासभर हललो नाही.

जुन्या सायकली जपणारे आणखीही आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी 2017 साली जुन्या सायकलींचं संग्रहालय उघडलं. त्या संग्रहाची सुरुवात एका बीएसए पॅराट्रूपरपासून झाली. मोठं काम आहे ते. आमच्या नाक्यावर तेच जतन रस्त्यावर चालत्या सायकलीचं होतं, आणि त्याची नोंद कुणी ठेवत नाही, म्हणून ही लिहिली.

सायकल तयार झाली तेव्हा रंग मारूया का, असं मी विचारलं. काकांनी कॅरिअरच्या डाव्या दांडीवर बोट ठेवलं. किटलीची कडी वर्षानुवर्षं घासून तिथं पत्रा उघडा पडून गुळगुळीत झाला होता.

"हे झाकायचं?"

ती जागा त्यांनी तेलाच्या बोटानं पुसली आणि सायकल माझ्या हातात दिली.