लाल काच आणि रुंद भिंग

येलदरीचे धरण एका छायाचित्रात मावत नाही. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर १९५८ साली काम सुरू होऊन १९६८ साली पुरे झालेले हे धरण लांबीला ४,२३२ मीटर आहे, म्हणजे जवळजवळ सव्वाचार किलोमीटर. पाणी मावते सुमारे ९३ कोटी घनमीटर. साध्या कॅमेऱ्याने फोटो काढला तर भिंतीचा एक तुकडा नि थोडे पाणी हाती लागते. भिंत, जलाशय, पलीकडची टेकाडे आणि वरचे आभाळ असे सगळे एकत्र हवे असेल, तर फार रुंद कोनाचे भिंग लागते. आणि हाच देखावा अवरक्त प्रकाशात, म्हणजे लालाच्या पलीकडल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात टिपायचा, तर त्या भिंगाला गडद लाल काचेचा फिल्टर लावावा लागतो. रुंद भिंग आणि लाल काच ही दोघे एकमेकांशी सुखाने नांदत नाहीत. त्यांचे भांडण जुने आहे, आणि श्रोतेहो, ते केवळ हौशी छायाचित्रकारांपुरते नाही. शेताशी आणि पाण्याशी त्याचा संबंध कसा येतो ते पुढे कळेलच.

गंमत अशी की अवरक्त किरणांचा शोधच मुळी रंगीत काचेपासून सुरू झाला. इंग्लंडात विल्यम हर्शेल नावाचा खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीतून सूर्य पाहण्यासाठी निरनिराळ्या रंगांच्या काचा वापरून बघत होता. काही काचांतून उजेड कमी येई, पण डोळ्याला ऊन जास्त लागे. हे कसे? म्हणून १८०० साली त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात तापमापक ठेवला. लाल रंगाच्या बाहेर, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे पारा अधिक चढला. लालापलीकडेही प्रकाशाचा मुलूख आहे, हे असे समजले.

समजले खरे, पण त्याचे चित्र कसे घेणार? त्या काळी छायाचित्रणच जन्मले नव्हते, आणि पुढे ते आले तेही लाल रंगाला आंधळे. परभणी जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या पिढीच्या काचेच्या पट्ट्यांना निळा रंग चांगला दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. कुणाचा तांबडा फेटा त्या चित्रात काळा ठिक्कर उमटायचा. १८७३ साली बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना आढळले, की पट्टीवरच्या रसायनात ठरावीक रंगद्रव्य मिसळले तर तिला आणखी रंग दिसू लागतात. मग रंगद्रव्यामागून रंगद्रव्य शोधत पट्टीची नजर हिरव्यापर्यंत, लालापर्यंत आणि अखेर लालाच्या पलीकडे पोचली.

१९१० साली अमेरिकेचे प्राध्यापक रॉबर्ट वुड यांनी अशा किरणांत घेतलेली निसर्गचित्रे प्रसिद्ध केली. लोक चकित झाले. झाडांची पाने बर्फासारखी पांढरी, आभाळ काळे! या परिणामाला आजही वुड यांचेच नाव आहे. इंग्रजी ‘वुड’ म्हणजे लाकूड, असा अर्थ लावून काही जण त्याचा संबंध झाडांशी जोडतात, तो चुकीचा.

पाने पांढरी का? पानातले हरितद्रव्य लाल प्रकाश खाऊन टाकते, पण त्याच्या जरा पलीकडचा प्रकाश त्याला नको असतो. तो पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांच्यावर आपटून बाहेर फेकला जातो. निरोगी, रसरशीत पान तो भरपूर फेकते. रोगाने आतली घडण ढासळली की कमी फेकते. आभाळाची निळाई हवेच्या कणांवरून विखुरलेल्या आखूड लहरींची असते, लालापलीकडे ती फारशी उरत नाही. आणि पाणी हा प्रकाश पिऊन टाकते, शिवाय त्यात प्रतिबिंब पडते तेही काळ्या आभाळाचेच, म्हणून जलाशय शाईसारखा दिसतो. एक मात्र स्पष्ट सांगतो. या फिल्मवर अंगाचा ताप किंवा चुलीची धग उमटत नाही. ते किरण फार लांब लहरींचे, त्यांची उपकरणे निराळी. फिल्मवर उमटतो तो सूर्याचाच प्रकाश, पानावरून परत आलेला.

आता रुंद भिंगाकडे वळू. १९०० साली बर्लिनच्या गोर्त्स कारखान्याने हायपरगॉन नावाचे भिंग काढले. त्याच्या नजरेचा कोन सुमारे १३५ अंशांचा, म्हणजे दीड काटकोनाचा. पण रुंद भिंगाचा एक जन्मजात दोष असतो. मध्यावर प्रकाश भरपूर पडतो आणि कडेला तिरपा पडून विरळ होतो. मध्यापासून ४५ अंशांवर चौथाई उरतो, आणि हायपरगॉनच्या अगदी कडेला तर पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. कारागिरांनी यावर मोठी झकास युक्ती केली. भिंगासमोर धातूची एक छोटी चांदणी बसवली. रबरी फुगा दाबून हवेने ती गरगर फिरवायची, म्हणजे मधला प्रकाश अडतो आणि कडांना आपला वाटा मिळतो. मग चांदणी बाजूला करून उरलेला प्रकाश द्यायचा. लहान मुलांच्या भिरभिऱ्याने मोठमोठ्या इमारतींची चित्रे नीट केली!

अशा भिंगावर लाल काच लावायला जावे तर अडचणींची रांगच लागते. पहिली साधी: फिल्टरची पितळी किंवा ॲल्युमिनियमची कड जाड असली तर ती चित्रातच डोकावते आणि चारही कोपरे कापले जातात. म्हणून कड पातळ हवी, किंवा फिल्टर भिंगापेक्षा बराच मोठा. काही अतिरुंद भिंगांचा समोरचा भाग बेडकाच्या डोळ्यासारखा फुगलेला असतो, त्यावर काही बसतच नाही. तिथे फिल्टर मागे, भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये घालतात. पण मागे जाड काच घातली की प्रतिमा काचेच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांश मागे सरकते. दोन मिलिमीटरची काच असेल तर सुमारे दोनतृतीयांश मिलिमीटर! आखूड भिंगाला एवढा फरक म्हणजे दूरची टेकडी पुसट. म्हणून मागे घालायचा तर जिलेटिनचा कागदासारखा पातळ फिल्टर बरा. ज्या भिंगाची रचनाच मागच्या काचेसकट केलेली असते, तिथे रंगीत काच काढली तरी साधी काच ठेवावीच लागते.

यापेक्षा फसवी अडचण काचेच्या जातीत आहे. फिल्टर दोन जातींचे. एका जातीत रंग काचेच्या अंगात मुरलेला असतो. दुसरीत काचेवर अतिशय पातळ थर चढवून नको त्या लहरी परतवलेल्या असतात. अंगात रंग मुरलेल्या काचेतून ४५ अंशांनी तिरपा किरण गेला तर त्याला काचेतून सातआठांश जास्त वाट चालावी लागते, एवढाच फरक. थरांच्या काचेचे तसे नाही. किरण तिरपा झाला की तिची हद्दच सरकते. मध्यावर ७२० नॅनोमीटरपासून पुढचा प्रकाश सोडणारी काच कडेला ६७०-६८० पासूनच सोडू लागते. आणि हे डोळ्याला दिसणारे लाल झाले, हरितद्रव्य खाते तेच! इंग्लंडच्या इलफर्डची एसएफएक्स २०० ही फिल्म ७४० च्या आसपासपर्यंतच पाहते. खरी अवरक्त नव्हे, अवरक्ताच्या वळणाची म्हणू. तिच्यासाठी काचेची हद्द आणि फिल्मची नजर यांच्यात जेमतेम वीस नॅनोमीटरची फट उघडी असते. ती फट कडेला तिप्पट रुंद झाली तर मधली झाडे पांढरी आणि कडेची करडी अशी शेतजमीन तयार होते, जी पृथ्वीवर कुठेच नाही. रुंद भिंगाला अंगात रंग मुरलेली काचच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हौशी माणसाचे यात एक चित्र बिघडते. विमानातून मोजणी करणाऱ्याचे मात्र निदानच बिघडते. काळपट कोपऱ्यात निरोगी झाड आजारी दिसेल, ओला गाळ पाणी म्हणून मोजला जाईल. म्हणून हवाई मोजणीच्या रुंद भिंगांसाठी, उदाहरणार्थ स्वित्झर्लंडच्या विल्ड कंपनीच्या एव्हिओगॉनसाठी, खास फिल्टर बनले. रंगीत काचेवरच मध्ये दाट आणि कडेला विरळ होत जाणारा धातूचा मुलामा. हायपरगॉनची फिरती चांदणी इथे काचेत येऊन स्थिर झाली, म्हणा ना.

आपल्या देशात या विद्येचा गाजलेला प्रयोग १९७० साली केरळात झाला. नारळाच्या झाडांना मुळांपासून मर लागत होती. डॉ. पिशारोथ रामा पिशारोती यांनी हेलिकॉप्टरमधून रंगीत अवरक्त फिल्मवर बागांची चित्रे घेतली. हे गृहस्थ त्याआधी पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते. त्या फिल्मला लाल नव्हे, पिवळी काच लागते, कारण तिचे तिन्ही थर निळ्याला भुलतात आणि निळा अडवावाच लागतो. चित्रात निरोगी झाड लालभडक, आजारी झाड निस्तेज. माळ्याने एकेका झाडाखाली जाऊन जे पाहायचे, ते वरून बागच्या बाग पाहता आले. या प्रयोगापासून भारतात दूरसंवेदनाची वाट सुरू झाली असे मानतात.

पुढे १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा आपला उपग्रह वर गेला, आणि रुंद भिंगाचे भांडण एका अर्थी मिटले. जमिनीपासून ९०४ किलोमीटर उंचीवरून त्याचा एक कॅमेरा १४८ किलोमीटरचा पट्टा पाही. हिशेब करून बघा, कोन दहा अंशही भरत नाही. किरण जवळजवळ सरळ येतात, म्हणून प्रत्येक रंगपट्ट्याला स्वतंत्र भिंग आणि स्वतंत्र फिल्टर देऊनही कडेचा घोटाळा होत नाही. त्यातला चौथा पट्टा अवरक्ताचा. येलदरीसारखा जलाशय अशा पट्ट्यात काळ्या डागासारखा उठून दिसतो आणि पाण्याची कड नेमकी आखता येते. वेगवेगळ्या पातळ्यांना पाणी किती पसरले हे असे मोजून, जुन्या मोजणीशी ताडून, धरणात गाळ किती साचला याचा अंदाज बांधतात.

जमिनीवर उभे राहणाऱ्याला मात्र रुंद भिंग अजून लागतेच. कोडॅकची प्रसिद्ध अवरक्त फिल्म २००७ साली बंद झाली, तरी थोड्या जाती मिळतात. ज्याला येलदरीला हा प्रयोग करायचा असेल त्याने आधी चौकट बघावी, मग काच लावावी, कारण काच लावल्यावर दिसत काही नाही. प्रकाश सोळापट किंवा त्याहून अधिक द्यावा लागतो, म्हणून तिवई हवीच. ऊन पाठीवर घ्यावे.

शिक्षकांसाठी फिल्मवाचून करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. जुन्या स्टुडिओत धुतलेल्या रंगीत स्लाइड-फिल्मचा काळा, प्रकाश न लागलेला शेवटचा तुकडा मिळतो का पाहावे. त्याचे दोन थर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर धरावेत आणि टीव्हीच्या रिमोटचे टोक समोर आणून बटण दाबावे. तुकडा डोळ्याला काळाकुट्ट दिसेल, पण बहुतेक मोबाइलांच्या पडद्यावर रिमोटचा दिवा लुकलुकेल. मागच्या कॅमेऱ्याने नाही दिसला, तर पुढच्या कॅमेऱ्याने करून पाहावे.