गायिकांचा गौरव : तबकडीवरील नावापासून कायद्यातील हक्कापर्यंत

नवी दिल्ली : मंडी हाऊस चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जात असला, तरी राजधानीतील सांगीतिक जीवनाशी त्याचा निकटचा संबंध आहे. दूरदर्शन भवन, श्रीराम भारतीय कला केंद्र आणि कमानी सभागृह याच मार्गावर आहेत. संगीत नाटक अकादमीचे कार्यालय असलेले रवींद्र भवन चौकालगतच आहे. दिल्लीतील मराठी माणसांना परिचित असलेले जुने महाराष्ट्र सदनही याच रस्त्यावर आहे. लोकप्रिय संगीतातील गायिकांना श्रोत्यांचे प्रेम विपुल मिळाले. मात्र त्या प्रेमाचे रूपांतर नामोल्लेखात, सन्मानात आणि कायदेशीर हक्कात होण्यास दीर्घकाळ लागला. महाराष्ट्राच्या गायिकांचा या वाटचालीत मोठा वाटा आहे.

नावाचा प्रश्न

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला 1902 मध्ये कलकत्त्यात प्रारंभ झाला. त्या काळातील विख्यात गायिका गौहर जान गाणे संपताच तबकडीवरच स्वतःचे नाव उच्चारीत असत. बोलपटांच्या युगात पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाल्यावर गायिकेचा आवाज घरोघरी पोहोचला, पण तिचे नाव मागे पडले. 1949 मधील ‘महल’ या चित्रपटातील लता मंगेशकर यांच्या गाजलेल्या गीताच्या तबकडीवर प्रारंभी गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव छापले होते. ते पडद्यावरील पात्राचे नाव होते. गाणे आकाशवाणीवरून प्रसारित होताच गायिकेचे नाव विचारणारी श्रोत्यांची पत्रे येऊ लागली आणि खरे नाव जाहीर झाले. श्रोत्यांच्या कौतुकानेच गायिकेला तिचे नाव परत मिळवून दिल्याचे हे ठळक उदाहरण होय.

शासकीय माध्यमाचे धोरण त्या वेळी चित्रपटगीतांना फारसे अनुकूल नव्हते. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे बा. वि. केसकर यांच्याकडे आली. त्यांच्या कार्यकाळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेरीस 3 ऑक्टोबर 1957 रोजी ‘विविध भारती’ सेवा सुरू झाली. त्यानंतर सहा वर्षांच्या आतच, 27 जानेवारी 1963 रोजी, कोपर्निकस मार्ग ज्या षटकोनी रस्त्याला मिळतो त्याच रस्त्यावरील नॅशनल स्टेडियममध्ये, चीन युद्धातील हुतात्म्यांना वाहिलेले गीत लता मंगेशकर यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत गायिले. गीत कवी प्रदीप यांचे, तर संगीत पुणतांब्याचे सुपुत्र सी. रामचंद्र यांचे होते.

सन्मानाची वाट

संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन 28 जानेवारी 1953 रोजी झाले. अकादमीच्या पुरस्काराने केसरबाई केरकर (1953), हिराबाई बडोदेकर (1965), मोगूबाई कुर्डीकर (1968) आणि किशोरी आमोणकर (1985) यांचा गौरव झाला. लता मंगेशकर यांना हा पुरस्कार 1989 मध्ये मिळाला. 2001 मध्ये त्या ‘भारतरत्न’ झाल्या.

फिल्मफेअर पुरस्कारांत आरंभी पार्श्वगायनाला स्थानच नव्हते. लता मंगेशकर यांनी त्याविषयी उघड नापसंती दर्शविल्यानंतर 1959 पासून हा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान त्यांनाच मिळाला. गायक व गायिका यांच्यासाठी स्वतंत्र पुरस्कार 1968 च्या सोहळ्यापासून दिले जाऊ लागले; गायिकांमध्ये पहिल्या मानकरी आशा भोसले ठरल्या. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पहिला पुरस्कार 1968 सालासाठी पी. सुशीला यांना मिळाला. पुढील काळात मराठी चित्रपटांतील गायनासाठी ‘जोगवा’करिता श्रेया घोषाल, ‘संहिता’करिता आरती अंकलीकर-टिकेकर आणि ‘बार्डो’करिता सावनी रवींद्र यांचा याच पुरस्काराने सन्मान झाला.

लोकसंगीताच्या वाट्याला प्रतीक्षा अधिक आली. लावणी गाणाऱ्या स्त्रीविषयी समाजाने बाळगलेला संकोच हे त्यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. आचार्य अत्रे यांनी ‘लावणीसम्राज्ञी’ म्हणून गौरविलेल्या सुलोचना चव्हाण डोक्यावर पदर घेऊन केवळ स्वरांच्या बळावर लावणी रंगवीत. त्यांना ‘पद्मश्री’ 2022 मध्ये, वयाच्या 89 व्या वर्षी जाहीर झाली. त्याच वर्षीच्या 10 डिसेंबरला त्यांचे निधन झाले. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांनाही ‘पद्मश्री’साठी 2012 पर्यंत वाट पाहावी लागली.

कायद्याची तरतूद

टाळ्या आणि पुरस्कार यांनी गायिकेचा चरितार्थ चालतोच असे नाही. 1994 ची कॉपीराइट कायद्यातील दुरुस्ती 1995 मध्ये अमलात येईपर्यंत सादरकर्त्या कलावंताला भारतीय कायद्यात स्वतंत्र हक्क नव्हता. 2012 च्या दुरुस्तीने तो अधिक स्पष्ट झाला. चित्रपटासाठी गायिलेल्या गाण्याचा व्यापारी वापर झाल्यास स्वामित्वधनाचा वाटा मिळण्याचा, तसेच सादरकर्ती म्हणून आपली ओळख नोंदविली जाण्याचा हक्क गायिकेला मिळाला. 1949 मध्ये श्रोत्यांनी पत्रे लिहून जे मागितले होते, त्याला अशा रीतीने कायद्याचा आधार लाभला. सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून 50 वर्षे हा हक्क टिकतो. गायकांच्या वतीने स्वामित्वधन गोळा करणाऱ्या ‘इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन’ या संस्थेची नोंदणी 2013 मध्ये झाली.

स्वतंत्र संगीत

चित्रपटाबाहेरील संगीताने गायिकेला निराळा अवकाश दिला. वैशाली सामंत यांच्या ‘ऐका दाजिबा’ने मराठी गीत अमराठी श्रोत्यांपर्यंत पोहोचविले. शुभा मुद्गल यांनी तबलावादक अनीश प्रधान यांच्यासह 2003 मध्ये ‘अंडरस्कोअर रेकॉर्ड्स’ सुरू करून कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांना थेट विक्रीचे दालन उघडून दिले. स्वखर्चाने मुद्रण करणारी गायिका कायद्याने त्या ध्वनिमुद्रणाची निर्मातीही ठरते, आणि निर्मात्याचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे राहतो. त्यामुळे करारावर सही करताना केवळ मानधनाचा आकडा न पाहता मालकी, स्वामित्वधन आणि नामोल्लेख ही तीन कलमे तपासणे नवोदित गायिकांसाठी अगत्याचे आहे. श्रोत्यांनाही गाणे आवडल्यावर ते कोणी गायिले हे विचारता येते. ‘महल’च्या श्रोत्यांनी तेवढेच केले होते.